तार बारा वाजता आली, ग्रूच्या हातात साडेदहाला पडली

पर्ल हार्बर म्हटलं, म्हणजे डिसेंबर १९४१ मध्ये जपानने अमेरिकेच्या नौदल तळावर केलेला तो हल्ला, की आपल्याला जळणाऱ्या युद्धनौका आठवतात, खाली झेपावणारी विमानं आठवतात. मला मात्र सध्या त्याच रात्रीचं टोकियो डोक्यातून जात नाहीये. कारण तिथे एक एकसष्ट वर्षांचा अमेरिकन माणूस हातात एक कागद घेऊन जपानच्या सम्राटाला भेटायची धडपड करत होता आणि त्याला कल्पनाही नव्हती की बाहेर समुद्रात विमानं उडायच्या तयारीत उभी आहेत. जोसेफ ग्रू त्याचं नाव. १९३२ पासून अमेरिकेचा जपानमधला राजदूत. साडेनऊ वर्षं एकाच देशात राजदूत राहणं तेव्हाही कमीच लोकांच्या वाट्याला यायचं. तेव्हाचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि तो एकाच शाळेत, मग दोघं हार्वर्डला, ग्रू दोन वर्षं पुढे. त्यामुळे राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिताना तो सरळ 'डिअर फ्रँक' लिहायचा. लहानपणी स्कार्लेट फीवर झाल्यामुळे ऐकू कमी यायचं. बायको अ‍ॅलिस ही कमोडोर पेरीच्या घराण्यातली, म्हणजे ज्या पेरीने १८५३ मध्ये बोटी घेऊन जाऊन जपानला दारं उघडायला लावली त्याच्या भावाच्या वंशातली, आणि तिचे लहानपणीचे काही दिवस जपानमध्ये गेलेले. थोडक्यात काय, जपान हा ग्रूसाठी नुसता पोस्टिंगचा देश नव्हता, घर झालं होतं.

आता ही सम्राटाला संदेश पाठवायची कल्पना निघाली कुठून, ते बघा, कारण त्यात आपल्याकडचा एक धागा आहे. वॉशिंग्टनच्या जपानी वकिलातीत हिदेनारी तेरासाकी नावाचा अधिकारी होता, बायको अमेरिकन, युद्ध टळावं म्हणून जीव तोडून प्रयत्न करणारा. त्याचं म्हणणं होतं की आता मंत्र्यासंत्र्यांशी बोलून काही होणार नाही, रूझवेल्टनी थेट सम्राटाला तार करावी. पण हे तो स्वतः जाऊन सांगू शकत नव्हता, कारण स्वतःच्या सरकारला डावलून परक्या राष्ट्राध्यक्षाला असा सल्ला देणं म्हणजे मरणच. मग मध्यस्थ कोण, तर स्टॅनली जोन्स. हा मेथडिस्ट मिशनरी, आयुष्य भारतात घालवलेला, नैनितालजवळ सातताल इथे आश्रम काढलेला, गांधीजींचा मित्र. तो ३ डिसेंबर १९४१ ला व्हाइट हाउसमध्ये जाऊन रूझवेल्टना भेटला आणि निरोप दिला. तेरासाकीच्या अटी दोनच होत्या, माझं नाव कुठे येऊ देऊ नका, आणि तार परराष्ट्रमंत्र्याकडे देऊ नका, थेट सम्राटाकडे जाऊ दे. जोन्सने नंतर सांगितलंय की रूझवेल्ट म्हणाले, मी काही तार ऑफिसात जाऊन जपानच्या सम्राटाला तार करू शकत नाही, पण ग्रूकडे पाठवू शकतो, राजदूताला राष्ट्रप्रमुखाची भेट मागायचा हक्क असतो.

या हक्कावरच सगळी भिस्त होती. राजदूताकडे फौज नसते, पैसा नसतो, निर्णय त्याच्या हातात नसतो. 'मला तुमच्या राजाला प्रत्यक्ष भेटायचं आहे' एवढं म्हणायचा हक्क तेवढा त्याच्याकडे असतो.

शनिवार ६ डिसेंबरच्या रात्री रूझवेल्टनी मसुदा पक्का केला आणि परराष्ट्रमंत्री हल यांना चिठ्ठी लिहिली की हे ग्रूकडे लगेच पाठवा, ग्रे कोडमध्ये गेलं तरी चालेल, वेळ वाचेल, कुणी मध्येच वाचलं तरी माझी हरकत नाही. ग्रे कोड म्हणजे अगदी साधा कोड, जो कुणीही फोडला असता. संदेशाची सुरुवात मला फार आवडते. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने जपानच्या सम्राटाला मैत्रीचा हात पुढे करणारं पत्र पाठवलं होतं, त्याची आठवण करून दिलीये. मग मुद्दा येतो, की फ्रेंच इंडोचायनात तुम्ही एवढं सैन्य आणून ठेवलंय की फिलिपिन्स, मलाया, थायलंड, डच ईस्ट इंडीज सगळीकडच्या लोकांना धडकी भरली आहे आणि डायनामाइटच्या पिंपावर कुणी कायमचं बसून राहू शकत नाही. तुम्ही सैन्य काढून घ्या, आमचा तिथे घुसायचा अजिबात विचार नाही. यात धमकी नाहीये, पण खरं सांगायचं तर जपानच्या हातात काही नवीन देणारंही नाहीये. याच्यावर पुढे बोलते.

वॉशिंग्टनहून तार निघाली रात्री ९ वाजता. टोकियो १४ तास पुढे, म्हणजे तिथे रविवार ७ तारखेचे सकाळचे ११. तासाभरात, दुपारी १२ वाजता, तार टोकियोच्या तार ऑफिसात पोचली. हे आपल्याला कसं माहीत, तर तारेवरच पोचल्याची वेळ लिहिलेली होती. तिच्यावर सगळ्यात तातडीचा शेरा होता.

आणि ती तार तिथेच पडून राहिली. दहा तास.

माझे काका सोलापुरात तार ऑफिसात नोकरीला होते, ते आम्हाला लहानपणी सांगायचे की तार हातात आली की जेवणाचं ताट सुद्धा बाजूला सारायचं, कारण आत काय लिहिलंय त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, कुणाचा बाप गेला असेल कुणाला नोकरी लागली असेल, पण ती अडवून ठेवणं हे पाप. टोकियोतल्या त्या ऑफिसातल्या लोकांनाही हेच शिकवलं असणार ना? पण त्यांना वरून हुकूम होता. लष्कराच्या जनरल स्टाफमधल्या तोमुरा नावाच्या अधिकाऱ्याने सेन्सॉरवाल्यांना सांगून ठेवलं होतं की बाहेरून येणाऱ्या तारा काही तास अडकवून ठेवायच्या. युद्धानंतर टोकियोत युद्धगुन्हेगारांवर जो खटला चालला त्यात हे सगळं बाहेर आलं. म्हणजे एका बाजूला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, दुसऱ्या बाजूला जपानचा सम्राट, आणि मध्ये एक लेफ्टनंट कर्नलच्या दर्जाचा माणूस, ज्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं.

त्याहून चटका लावणारी गोष्ट म्हणजे तार निघायच्या आधीच वॉशिंग्टनने पत्रकारांना सांगून टाकलं होतं की राष्ट्राध्यक्ष सम्राटाला संदेश पाठवतायत. त्यामुळे सगळ्या जगाला बातमी कळली. ग्रूला ती कळली रविवारी संध्याकाळी रेडिओवर, सॅन फ्रान्सिस्कोच्या बातम्यांत! ज्याने तो संदेश द्यायचा त्या माणसाला तो निघाल्याचं रेडिओवरून कळतंय. पण ग्रू हडबडला नाही, हे मला त्याचं फार कौतुकाचं वाटतं. त्याने आपला सहकारी यूजीन डूमनला सांगून ठेवलं की तू जागा राहा, मध्यरात्रीच्या सुमारास परराष्ट्रमंत्र्यांची भेट मिळेल अशी सोय करून ठेव. हातात कागद नसताना ही तयारी. रात्री १०.३० ला तार एकदाची वकिलातीत आली, मग ती उलगडायला बसले, शब्द न शब्द काढून टाइप केला आणि गाडी काढली. परराष्ट्रमंत्री शिगेनोरी तोगो यांच्या सरकारी बंगल्यावर ग्रू पोचला तेव्हा सव्वाबारा वाजले होते. (तोगो आणि तोजो यात गोंधळू नका, तोगो परराष्ट्रमंत्री आणि तोजो पंतप्रधान, वाचताना मी पण दोनदा मागे जाऊन बघत होते.)

तिथलं दृश्य असं. तोगोसमोर ग्रूने अख्खा संदेश मोठ्याने वाचून दाखवला. मग प्रत त्यांच्या हातात दिली. आणि म्हणाला, मला हा स्वतः सम्राटांना द्यायचा आहे, भेटीची वेळ मिळवून द्या. तोगो म्हणाले की आधी मी याचा नीट अभ्यास करतो. आता दुसरा कुणी असता तर 'बरं' म्हणून निघाला असता, रात्रीचे साडेबारा, समोरचा माणूस मंत्री, शिष्टाचार सगळा. ग्रूने तिथेच सरळ विचारलं की म्हणजे माझी भेटीची विनंती पुढे जाणार की नाही अशी शंका आहे का? तेव्हा तोगोंना म्हणावं लागलं की नाही, मी सम्राटांपर्यंत पोचवतो. एवढा एक शब्द पदरात पाडून ग्रू परत आला. राजदूताने जे करायचं ते त्याने त्या पंधरा मिनिटांत सगळं केलं.

पुढचं ग्रूला दिसणारं नव्हतं. तोगोंनी राजवाड्यात फोन केले, सम्राटांचे सर्वात जवळचे सल्लागार किदो यांच्याशी बोलणं झालं, रात्री उठवायला हरकत नाही असं ठरलं. संदेशाचं जपानी भाषांतर करून घेतलं. आणि राजवाड्यात जाण्याआधी तोगो गेले तोजोंकडे. तोजोंनी विचारलं की यात काही सवलत दिलीये का. तोगो म्हणाले, नाही. झालं, मग उत्तर काय द्यायचं ते तिथेच ठरलं. दोघांनी ठरवलेलं उत्तर घेऊन तोगो रात्री तीनच्या सुमारास सम्राटासमोर उभे राहिले, संदेश वाचला, उत्तराला होकार घेतला आणि बाहेर पडले. तोपर्यंत मलायात कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरायला सुरुवात पण झाली होती. आणि टोकियोच्या घड्याळात ३.२५ झाले तेव्हा पर्ल हार्बरवर पहिले बॉम्ब पडत होते. त्या सकाळी तिथे २,४०३ अमेरिकन मेले.

ग्रू झोपलेला होता. सकाळी सातला फोन वाजला, तोगोंचे सचिव कासे. म्हणाले पाचपासून फोन लावतोय, लागतच नाहीये, लगेच या. साडेसातला ग्रू परत त्याच माणसासमोर. तोगोंनी तेरा पानांचं निवेदन टेबलावर आपटल्यासारखं ठेवलं, वाटाघाटी संपल्या असं सांगणारं. हेच सम्राटांचं उत्तर समजा, म्हणाले. ग्रूने आठवण करून दिली की मी प्रत्यक्ष भेट मागितली होती. त्यावर तोगो एवढंच म्हणाले की सम्राट आणि तुमच्यामध्ये उभं राहायची माझी इच्छा नाही. मग ग्रूने केलेल्या सहकार्याबद्दल आभार मानले आणि खाली दारापर्यंत सोडायला आले. पर्ल हार्बरबद्दल अवाक्षर नाही! ग्रू वकिलातीत परत आला, दाढी केली, नाश्ता केला आणि मग रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या जादा अंकातून त्याला कळलं की युद्ध सुरू झालंय. थोड्याच वेळात वकिलातीचं फाटक बंद झालं आणि आत कोडची कागदपत्रं जाळायला सुरुवात झाली.

ते 'मध्ये उभं राहायची इच्छा नाही' हे वाक्य वाचून मला अक्षरशः संताप आला होता. पण नंतर तोगोंबद्दल वाचत गेले तर चित्र एवढं सोपं नाही. युद्ध टाळावं म्हणून नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळात भांडणारा हाच माणूस होता, १९४५ मध्ये शरणागतीसाठी जोर लावणाराही हाच. टोकियोच्या खटल्यात वीस वर्षांची शिक्षा झाली आणि १९५० मध्ये कैदेतच गेला. त्या रात्री तो वाईट माणूस म्हणून वागला असं मला म्हणवत नाही. पण तो मध्ये उभा होता हे खरंच आहे. सम्राटापर्यंत जायचा रस्ताच असा बांधला होता की प्रत्येक वळणावर एक माणूस, आणि प्रत्येक माणूस उत्तर आधी तयार करून मगच प्रश्न पुढे नेणार.

आता सगळ्यांना पडतो तो प्रश्न. तार दुपारी बाराला ग्रूच्या हातात पडली असती तर? पर्ल हार्बरवर निघालेल्या अ‍ॅडमिरल नागुमोच्या आरमाराला परत फिरायचा आदेश शेवटपर्यंत देता येत होता, वाटाघाटी यशस्वी झाल्या तर वळायचं असं ठरलेलंच होतं. तेरासाकी युद्धानंतर सम्राटाचा दुभाषा झाला, आणि त्याच्या बायकोने लिहिलंय की सम्राटाने त्याला सांगितलं, तो संदेश एक दिवस आधी मिळाला असता तर मी हल्ला थांबवला असता. मला हे पटत नाही. १ डिसेंबरला त्याच सम्राटाच्या समोर बैठक होऊन युद्धाचा निर्णय झाला होता, तेव्हा तो गप्प बसला होता. आणि रूझवेल्टच्या संदेशात तोजोला दाखवता येईल असं काही नव्हतंच, मघाशी म्हटलं ते हेच. त्यामुळे त्या दहा तासांवर सगळं खापर फोडणं मला बरोबर वाटत नाही, जरी ते दहा तास वाचताना हात शिवशिवतात.

माझ्या मते उशीर झाला तो त्याच्या खूप आधी, आणि तो वॉशिंग्टनमध्ये झाला. ग्रू वर्षभर एकामागून एक तारा पाठवत होता. २७ जानेवारी १९४१ ला त्याने कळवलं होतं की पेरू देशाच्या दूताकडून ऐकलंय, अमेरिकेशी बिनसलं तर जपान पर्ल हार्बरवर अचानक हल्ला करायचा बेत करतोय. वॉशिंग्टनने ती अफवा म्हणून ठेवून दिली. ऑगस्टमध्ये तेव्हाचे पंतप्रधान कोनोए यांनी रूझवेल्टना प्रत्यक्ष भेटायचा प्रस्ताव दिला, अलास्कात जुनोला भेटायचं असं बोलणं सुरू होतं. ग्रूने कळकळीने लिहिलं, भेटा, ही संधी सोडू नका, हा माणूस स्वतःचा जीव धोक्यात घालून येतोय. ६ सप्टेंबरला कोनोए आणि ग्रू गुपचूप जेवायला भेटले, एका तिसऱ्याच माणसाच्या घरी, नोकरांना बाहेर पाठवून, कारण कुणाला कळलं तर कोनोएंचा खून झाला असता, तसं वातावरणच होतं. तीन तास बोलले. कोनोएंची योजना अशी होती की लष्कराची आणि नौदलाची मोठी माणसं बरोबर न्यायची, रूझवेल्टशी ठरलं की तिथूनच सम्राटाला तार करून मंजुरी घ्यायची आणि मग लष्कराला नाही म्हणायला जागा ठेवायची नाही. बघा, सम्राटापर्यंत पोचायचा एकमेव रस्ता जपानच्या पंतप्रधानालाही तार हाच वाटत होता.

हल म्हणाले आधी मुद्दे ठरू देत, मग भेट. मुद्दे ठरले नाहीत. १६ ऑक्टोबरला कोनोए गेले, तोजो आले. ३ नोव्हेंबरला ग्रूने पुन्हा लिहिलं की आपल्या आर्थिक निर्बंधांनी जपान गुडघे टेकेल या भरवशावर राहू नका, युद्ध धोकादायकरीत्या अचानक येऊ शकतं. आणि मग डिसेंबरमध्ये, सगळं संपत आल्यावर, शनिवारी रात्री नऊ वाजता, त्याच ग्रूला सांगितलं जातं की जा, सम्राटाला भेट.

मला हे वाचून कुठेतरी खूप वाईट वाटतं त्या माणसासाठी. नऊ वर्षं त्याने तिथे ओळखी केल्या, राजवाड्याच्या भोवतालची माणसं कोण कशी आहेत हे त्याला पाठ होतं. पण ते सगळं वापरायला त्याच्या स्वतःच्या सरकारने दिलं शेवटचे काही तास, तेही तार ऑफिसाने खाल्ले. (आणि त्याच सुमारास वॉशिंग्टनमध्ये उलटा प्रकार चालला होता, जपानचे राजदूत नोमुरा आणि कुरुसु यांना दुपारी १ ला हल यांच्या हातात निवेदन द्यायचं होतं, पण वकिलातीत टायपिंग संपेना, शेवटी २.२० ला दिलं, तोपर्यंत बॉम्ब पडायला लागून जवळजवळ तास झाला होता. पण ती वेगळी पोस्ट होईल.)

ग्रू आणि त्याची माणसं पुढे सहा महिने वकिलातीतच अडकून होती. २५ जून १९४२ ला योकोहामाहून 'असामा मारू' बोटीने निघाले, मोझांबिकमधल्या लोरेन्सो मार्किश बंदरात दोन्ही देशांच्या लोकांची अदलाबदल झाली, आणि २५ ऑगस्टला न्यूयॉर्कला पोचले. त्या बंद दिवसांत ग्रूने एक मोठा अहवाल लिहून काढला होता, कोनोए-रूझवेल्ट भेट का व्हायला हवी होती, ती झाली असती तर काय झालं असतं. त्याचा तरुण सचिव रॉबर्ट फिअरी बरोबर होता. त्याने नंतर लिहिलंय की ग्रू तो अहवाल घेऊन हल यांच्या खोलीत गेला तेव्हा दाराबाहेर हल यांचा चढलेला आवाज ऐकू येत होता. बाहेर आल्यावर ग्रूने त्याला सांगितलं की हल यांना हा अहवाल नष्ट करून हवा आहे.